नोंद घ्या, शेरा नको

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. कापूस वेचणीमुळे ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'योग व मानसिक स्वास्थ्य' असं छापलं होतं. ते वाचून पुढच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, "आता ही पोरगी आपल्याला वाकायला लावतीय बघ." मी ऐकलं बरं का काकू. तर आधीच सांगते, आज कुणालाही वाकायला लावणार नाही. का लावणार नाही, तेच सांगायला उभी आहे.

आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगाल. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. त्यानंतर येतं आरोग्य. आरोग्याच्या सूत्रावर आपण बोलतो तेव्हा शौचालय, लसीकरण, परसबाग यावर बोलतो. ते हवंच. पण आपण स्वतःच्या अंगाशी मनातल्या मनात दिवसभर जे बोलत असतो, त्याचा विषय आपल्या बैठकीत कधी निघालेला मी ऐकला नाही. कसली जाड झाले, कसली काळी पडले, माझ्यात आता काय उरलंय, माझ्यानं काही होत नाही. शेजारणीनं असं काही म्हटलं असतं तर आपण तिच्याशी वर्षभर बोललो नसतो. स्वतःला मात्र रोज ऐकवतो.

आता माझी चूक सांगते.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात तो ठरवला आणि २०१५ पासून जगभर पाळला जातो. जगाला ती तारीख सोयीची असेल, आपल्याकडे मात्र ती मृग सरताना, ऐन पेरणीत येते. बाई चार वाजता उठणार, भाकऱ्या थापणार, जनावरांचं बघणार, सातला शाळेच्या पटांगणात योग करणार आणि आठला रानात पळणार. मी नोकरीला नवी होते. वरून निरोप होता की फोटो लगेच पाठवायचे. मी मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यातली बाई रबरासारखी वाकत होती. तुम्हाला मी चार रांगांत उभं केलं आणि पुढून ओरडायला लागले, हात वर, हात खाली.

दुसऱ्या रांगेत एक मावशी होत्या. नाव सांगत नाही, पण त्यांनी सांगायची परवानगी दिली आहे. त्यांचे हात गुडघ्यापर्यंतच पोचत होते आणि गुडघे वाकलेले होते. फोटोत रांग वाकडी दिसत होती. मी सगळ्यांपुढं म्हणाले, "मावशी, गुडघे सरळ करा! हात बोटांना लागले पाहिजेत!" सगळ्या हसल्या. मावशीही तोंडाला पदर लावून हसल्या. मी फोटो काढला, पाच मिनिटांत ग्रुपवर टाकला, वरून अंगठाही आला.

त्यानंतर तीन बैठकांना मावशी आल्या नाहीत. बचतीचे पैसे नातीबरोबर यायचे. मला वाटलं पेरणीची गडबड. चौथ्या आठवड्याला घरी गेले. त्या ओसरीवर गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. चहा दिला, आणि सुई न थांबवता बोलायला लागल्या.

"पोरी, तुला ह्या गुडघ्याची काय माहिती? उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना पाय घसरला माझा. दुसऱ्या दिवशी परत कोयता हातात. तिशीच्या आत पिशवी काढली. सासू म्हणायची म्हैस झाली. नवरा म्हणायचा कामाची राहिली नाही. दवाखान्यात गेलं की म्हणतात वजन कमी करा. आता तूबी म्हणतीस गुडघे सरळ करा. सरळ व्हायचे असते तर झाले नसते का?"

मला बोलता आलं नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की माणूस जिथं आहे तिथून सुरुवात करायची. परीक्षेत त्यावर मी दोन पानं लिहिली होती.

मावशींसारख्या किती जणी आपल्या मराठवाड्यात आहेत, तुम्हाला मी सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली इतका गाजला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या अंगावर एवढं होऊन गेलं आहे, त्याला आपण ओरडून सरळ करायला निघालो होतो.

मग योग करायचाच नाही का? मलाही तेव्हा असंच वाटलं होतं. दोन महिने मी तो विषय काढलाच नाही. पण एका गटाच्या बैठकीत एक गोष्ट पाहिली आणि तिथून वाट सापडली.

त्या गटाची वही लिहिणारी ताई दर आठवड्याला थकबाकी वाचते. त्यांनी स्वतः ठराव केला आहे की थकबाकी वाचताना आवाज चढवायचा नाही आणि कारण विचारायच्या आधी टोमणा मारायचा नाही. ती वाचते, अमुकचा हप्ता आला, तमुकचा दोन आठवडे आला नाही. बस. आकडा आहे तसा. तो खोटा भरायचा नाही, लपवायचा नाही, आणि त्याच्यापुढं लाल शाईनं शेराही मारायचा नाही. त्यानंतर चर्चा होते की हिचा हप्ता लहान करायचा का, मुदत वाढवायची का. जिथं वही वाचताना अपमान होतो तिथं काय होतं? बाई बैठकीला यायचीच बंद होते. मावशींचं तेच झालं होतं. आणि आपलंही आपल्या अंगाबाबत तेच होतं. शेरा नको म्हणून आपण वहीच उघडत नाही. दुखतं तिकडं बघतच नाही.

शहरात याला माइंडफुलनेस म्हणतात, त्याचे वर्ग निघतात, फी असते. मराठीत सजगता म्हणतात. मी आपली नोंद म्हणते. आत्ता, या क्षणी, अंगात आणि मनात काय आहे त्याची नोंद. चांगलं की वाईट ते नंतर.

तुम्हाला हे येत नाही असं समजू नका. भाकरी तव्यावर टाकली की तुमचं लक्ष कुठं असतं? वरून पाणी फिरवलेलं कधी सुकतं, कडा कधी सुटते, तेवढ्यातच उलटायची. आणि पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, भाकरी थापताना चिरायला लागली, तर तुम्ही पिठाला शिव्या देत नाही. "विरी गेलीय" एवढं म्हणता आणि उकळतं पाणी घालून मळता. पिठाला जी वागणूक देतो ती स्वतःच्या गुडघ्याला द्यायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता हे पोथीपुराणाबाहेरचं काही नाही. पतंजलींची योगसूत्रं दोनशेच्या आसपास आहेत. त्यांत आसनाबद्दल थेट सांगणारी जेमतेम तीन. तिथं कुठंही हात बोटांना लागले पाहिजेत असं नाही. आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढी मुख्य अट. आणि आसनाच्याही आधी काय येतं? यम आणि नियम. यमांत पहिली अहिंसा, मग सत्य. नियमांत संतोष. मी त्याचा साधा अर्थ असा लावते की अंगाला मारझोड करायची नाही आणि अंगाबद्दल स्वतःशी खोटं बोलायचं नाही. दुखत असताना "काही नाही, चालतंय" म्हणणं हेही खोटंच की.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार गुरुजी तुम्ही ऐकले असतील. जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. लहानपण सगळं आजारपणात गेलं. १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढं जगभर पोचले. त्यांनी भिंत, दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, घोंगडी असं सगळं आसनांसाठी वापरात आणलं, म्हणजे ज्याला जमत नाही त्यालाही आसन करता यावं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडं ठोकळा नाही, पण पाट आहे. पट्टा नाही, जुनी साडी आहे. गोधड्या तर घराघरात थप्पीनं आहेत.

तर दिवाळीनंतर आम्ही एका ग्रामसंघात परत सुरुवात केली. आधी मावशींकडे गेले, माफी मागितली आणि म्हटलं, मला शिकवा. त्या म्हणाल्या, "खुर्ची देशील का?" दिली. आता काय करतो ते सांगते. घरीही करता येईल, दहा मिनिटं पुरतात.

गोधडीवर उताणं पडायचं. गुडघ्याखाली दुसरी गोधडी गुंडाळून ठेवायची, म्हणजे कंबर टेकते. पाठीवर पडवत नसेल तर कुशीवर, नाहीतर खुर्चीत, नाहीतर भिंतीला टेकून. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. ज्या घरात बाईवर हात उगारला जातो तिथल्या बाईला डोळे मिटून पडायची भीती वाटते, हे मला एका ताईनं सांगितलं तेव्हा कळलं. उघडे ठेवा, आढ्याकडे बघा.

मग पायापासून वर यायचं. टाच. भेगा आहेत, चरचरतंय. नोंद. पिंढरी. गोळा आलाय. नोंद. गुडघा, कंबर, ओटीपोट, खांदे, मान, जबडा. जबड्यापाशी थोडं थांबा, आपण दात किती आवळून असतो ते तिथं कळतं. काही जागी काहीच कळणार नाही. "काही नाही" हीसुद्धा नोंदच. शेवटी श्वास. मोठा करू नका, रोखू नका. येतोय, जातोय, पोट वर होतंय, खाली होतंय, एवढं बघा.

मन पळणारच. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, लाईट रात्री बाराला येणार, पोराची फी राहिली. पळालं की "पळालं होतं" अशी नोंद करायची आणि परत पोटापाशी यायचं. दहा वेळा पळालं तर दहा वेळा. एका काकूंनी मला विचारलं, "माझं मन लागतच नाही, म्हणजे मला जमत नाही ना?" बघा, शेरा आलाच. काकू, पळालं हे तुम्हाला कळलं ना? मग जमलं की.

हे झालं की मग हालचाल. इथं माझं एक ठाम मत आहे. आपल्या बाया दिवसभर वाकलेल्या असतात. खुरपणी वाकून, वेचणी वाकून, झाडलोट वाकून. त्या कमरेला सकाळी आणखी वाकवून पायाची बोटं धरायला लावणं मला पटत नाही. त्यापेक्षा भिंतीला पाठ लावून ताडासनात उभ्या राहा, टाचा, कुल्ले, खांदे टेकवा आणि हात सावकाश वर न्या. जिथं ओढ लागते तिथं थांबा. किंवा उताणं पडून गुडघे उभे करा आणि कंबर थोडी उचला, सेतुबंधासन म्हणतात त्याला. पाय सुजत असतील तर पाय भिंतीला उभे लावून पाच मिनिटं पडा. ज्यांना हे नको, त्यांनी नुसतं पडून राहिलं तरी चालेल. एक ताई पहिले तीन आठवडे आमच्याकडे येऊन फक्त झोपली. घोरली सुद्धा. कुणी उठवलं नाही.

आणि काही गोष्टी करू नका. टीव्हीवर पाहून पोट आपटत कपालभाती करणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटतात. गरोदर असाल, पिशवीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, अंग बाहेर येत असेल, बीपी असेल तर जोराचं कपालभाती आणि श्वास रोखणं नको. काय चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीच्या दिवसांत एक प्रसंग झाला. सगळ्या शांत पडलेल्या असताना एक ताई रडायला लागली. बाकीच्या लगेच उठल्या, पाणी आणा, काय झालं, कुणी काय बोललं का. तिनंच हात केला की राहू द्या. नंतर म्हणाली, "काही झालं नाही. ओटीपोटावर आले आणि माझं गेलेलं बाळ आठवलं. सहा वर्षांत तिकडं कधी गेलेच नव्हते." आम्ही पुढं काही विचारलं नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. पण असं रडू वारंवार येत असेल, झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते एकटीनं अंगावर काढायचं नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता एक शंका, जी सभेत एका ताईनं बरोबर काढली. ती म्हणाली, "मॅडम, स्वीकार करा, स्वीकार करा हे तर आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. पदरी पडलं पवित्र झालं. तुम्ही वेगळं काय सांगताय?"

फार बरं झालं तिनं विचारलं. कारण योगाच्या नावाखाली बाईला गप्प बसायला शिकवणारे पुष्कळ आहेत. मन शांत ठेवा म्हणजे घरात भांडण होणार नाही, असं सांगतात. मी ते सांगत नाही. वहीतली थकबाकी मान्य करणं म्हणजे थकबाकी माफ करणं नव्हे. आकडा खरा कळला तरच पुढचा हप्ता ठरवता येतो. अंगाचंही तसंच.

आमच्यातल्याच एकीचं उदाहरण देते. ती रोज नोंद करायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की उताणं पडूनही तिचा श्वास लागतो आणि छातीत धडधडतं. आधी ती काय म्हणायची? "मी आळशी झालेय." सासूही तेच म्हणायची. तिला आम्ही उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. बाईचं बारा तरी हवं. ती आळशी नव्हती, तिच्या अंगात रक्त नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, आता बरी आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांत रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे या मांडवात बसलेल्या किती जणी स्वतःला आळशी म्हणत असतील त्याचा विचार करा, आणि तपासून घ्या.

आणि नोंद करताना दंडावरचा वळ दिसला, तर तो प्राणायामानं जायचा नाही. तो स्वीकारायचाही नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ हेल्पलाइन आहे, आपला ग्रामसंघ आहे. अंग माझं आहे, ते जसं आहे तसं मला मान्य आहे, हे ज्या बाईला वाटतं तीच त्या अंगावर हात टाकणाऱ्याला अडवते, असा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

माझं स्वतःचं म्हणाल तर मलाही रोज एक शेरा मिळतो. कुठल्याही गावात गेले की पहिला प्रश्न, "लग्न कधी?" दुसरा, "एवढी बारीक कशी?" मी हसून वेळ नेते आणि गाडीवर बसल्यावर तोच शेरा स्वतःला पाच वेळा वाचून दाखवते. अजूनही. हल्ली फक्त एवढं होतं की तिसऱ्या वेळेला कळतं, अरे, वाचतोय आपण.

मावशी आता दर मंगळवारी येतात. खुर्चीत बसून हात वर करतात, गुडघ्यावर हात ठेवून सगळ्यांना मोठ्यानं सांगतात, "आज डावा बरा आहे, उजवा रुसलाय." गुडघे सरळ झालेले नाहीत. त्यांनीच आता नियम घातला आहे की योगाच्या वेळी फोटो काढायचा नाही. वरून फोटो मागितला तर गोधड्यांचा पाठवा म्हणतात. मी खरंच एकदा पाठवला, अजून उत्तर आलेलं नाही.

पुढच्या महिन्यापासून सगळ्या ग्रामसंघांच्या बैठकीत सुरुवातीची दहा मिनिटं यासाठी ठेवायचा ठराव आज झाला आहे. दार लावून घ्यायचं, पारावरची मंडळी आत डोकावणार नाहीत ते अध्यक्षांनी बघायचं. साडी असो की ड्रेस, जे अंगावर आहे त्यावरच चालेल. येताना एक गोधडी आणि एक उशी आणा. खुर्च्या प्रत्येक ठिकाणी दोन-तीनच आहेत, त्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेवा.